गोव्यात कुटुंबासकट शिफ्ट व्हायचंय? आधी गाव बघा, घर मग: कोणत्या क्रमाने, कधी आणि काय तपासायचं

दर डिसेंबरमध्ये कोल्हापूर-बेळगावकडून दोन-तीन फोन येतातच. "अगं, मडगावला एक टू बीएचके बघितला, एकदम मस्त, समोर झाडं, टोकन देऊन टाकू का?" मी विचारते नोकरी कुठं, तर म्हणे करासवाडा. आता करासवाडा म्हणजे म्हापसा, मडगावपासून जवळजवळ पन्नास किलोमीटर, मधे झुआरी नदी, मग मांडवी नदी, मग पर्वरीची गर्दी. रोज. एवढं सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता होते आणि मग हळूच, "पण नकाशात तर गोवा एवढूसा दिसतो गं."

चूक सगळ्यांची एकच असते. घर आधी बघतात आणि गाव नंतर, आणि तेसुद्धा सुट्टीत. आम्हीही तेच केलं होतं, पहिलं घर अकरा महिन्यांत सोडावं लागलं, त्यानंतर फोंड्यात आलो ते अजून तिथेच आहोत. मग भाऊ आला, मग नणंद, दोघांसाठी गावं हिंडून झाली, त्यातून जो क्रम बसला तो खाली लिहिते.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. इथे चांगलं भाड्याचं घर बाजारात फार वेळ राहत नाही. सकाळी जाहिरात बघितली, संध्याकाळी फोन केला की "गेलं ते". मालकाला टुरिस्ट आहेत, लॅपटॉपवर काम करणारे बाहेरचे लोक आहेत, सेकंड होमवाले आहेत, तुमची त्याला तशी गरज नाही. म्हणजे घराला हो म्हणायला तुमच्या हातात एखादा तासच असतो. आणि गाव कुठलं हे महिनाभर आधी ठरलेलं असेल तरच त्या एका तासात बरोबर हो म्हणता येतं.

## १. आधी घरी बसून तीन खुंट्या ठोका

नकाशा काढा आणि त्यावर तीन जागा मार्क करा: नोकरी, शाळा, दवाखाना. घर अजून नाही.

नोकरीची जागा नीट लिहा. "गोव्यात जॉब लागला" असं नको, वेर्णा का कुंडई का बेतोडा का पिळर्ण का तुये, इस्टेटचं (औद्योगिक वसाहतीचं) नाव, शिफ्ट किती वाजता सुरू होते, कंपनीची बस आहे का, असली तर ती कुठून कुठून जाते. कंपनीच्या बसचा रूट हा फुकटात मिळालेला सगळ्यात भारी सर्व्हे आहे, कारण त्या रूटवर आधीच शंभर घरं राहतायत आणि रोज वेळेवर पोचतायत.

दवाखान्याचं लोक विसरतात. घरात वयस्कर माणूस असेल तर बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं सरकारी इस्पितळ, किती लांब ते बघाच. जिल्हा इस्पितळं म्हापशाला आणि मडगावला आहेत, फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ आहे. आणि जुना मेडिक्लेम बंद करू नका, कारण दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याला, पाच वर्षांचा रहिवास लागतो, ते कार्ड आल्या आल्या मिळणार नाही.

आता माझा नदीचा नियम. मांडवीच्या उत्तरेला बार्देश, पेडणे आणि डिचोली हे तालुके. मांडवी आणि झुआरीच्या मधे तिसवाडी आणि फोंडा. झुआरीच्या दक्षिणेला मुरगाव, सासष्टी आणि खाली सगळं. घर ते नोकरी मधे एक नदी चालेल, दोन नद्या नकोत. पूल आता चांगले झालेत, मांडवीवर २०१९ पासून अटल सेतू आहे, झुआरीचा नवा पूल २०२२-२३ मधे दोन टप्प्यांत सुरू झाला, तरीपण पुलाच्या दोन्ही टोकांना जे तुंबतं ते तुंबतंच, आणि पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तर विचारू नका.

तपासा – रोजच्या खर्चाचं गणित इथेच करून टाका. एका बाजूला २५ किलोमीटर म्हणजे दिवसाला ५०, महिन्याला २४ दिवस धरले तर १,२०० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर २७ लिटर पेट्रोल, आणि पावसात अंगावरचा रेनकोट वेगळाच. लांबचं "स्वस्त" घर या आकड्यानंतर किती स्वस्त उरतं ते बघा.

## २. यादी तीन गावांवर आणा

दहा गावं बघू नका, डोकं फिरतं आणि शेवटी जे शेवटचं बघितलं तेच आवडतं. माझी मतं खाली देते, पटतील असं नाही.

पणजी चालत फिरता येणारं शहर आहे, सगळी ऑफिसं इथेच, पण घरं कमी आणि पार्किंगची रडारड. मळा नावाच्या भागात आणि १८ जून रस्त्याच्या बाजूला मोठा पाऊस आला की पाणी भरतं, ते डोळ्यांनी बघून मगच पुढे जा.

पर्वरी पणजीच्या पलीकडे, फ्लॅट भरपूर, शाळा चांगल्या, म्हणून सगळे तिकडेच धावतात. मागणी तिथे तुफान, आणि रस्त्याचं वर सांगितलंच.

म्हापसा हा खरा बाजाराचा गाव, शुक्रवारचा बाजार बघितला नसेल तर बघा. नोकरी उत्तरेत असेल किंवा मोपा विमानतळावर असेल (जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटतात) तर म्हापसा किंवा पेडणे. सावंतवाडीला घर असलेल्यांना हा पट्टा सोयीचा, शनिवारी संध्याकाळी निघालं की जेवायला घरी. फक्त म्हापशातच राहायचं म्हणताना हणजुणे-वागातोरच्या बाजूचं घर घेऊ नका, तिथे भाडं टुरिस्टच्या हिशोबाने असतं आणि रात्रीचा आवाजही.

फोंडा. मी इथलीच म्हणून पक्षपात धरून वाचा. मराठी वातावरण भरपूर, नाटकं, कीर्तनं, देवळं, बाजार चांगला, कुंडई, बेतोडा, मडकई तिन्ही इस्टेटी जवळ. पाऊस मात्र किनाऱ्यापेक्षा जास्त आणि समुद्र लांब, म्हणजे पाहुणे आले की तुम्ही ड्रायव्हर. फोंड्यातून वेर्ण्याला जाणाऱ्यांनी बोरीचा पूल सकाळी साडेसातला एकदा स्वतः करून बघा. तालुका २०१५ पासून दक्षिण गोवा जिल्ह्यात आहे, सरकारी फॉर्म भरताना जिल्हा चुकवू नका, माझ्या भावाने चुकवला आणि परत रांगेत उभा राहिला.

मडगाव दक्षिणेचं मोठं शहर, कोकण रेल्वेचं मोठं स्टेशन, वेर्णा जवळ. घर बघताना सोनसोडोच्या कचऱ्याचा वास वाऱ्याबरोबर कुठवर येतो ते संध्याकाळी उभं राहून बघा. वास्को बंदराचं गाव, कोळशाच्या धुळीची तक्रार तिथली जुनी.

डिचोली आणि साखळी: भाडं जरा नरम, माणसं मायाळू, मराठी घराघरात. पण दोन गोष्टी, खनिजाचे ट्रक आणि नदीचं पाणी. कुडचडे-सावर्डे रेल्वे आहे म्हणून काहींना सोयीचं पडतं, तिथेही ट्रक बघून घ्या.

थांबा – दिवाडीसारखं बेट बघून प्रेमात पडायला होतं, मीही पडले होते. पण तिथे फेरीबोटीशिवाय रस्ता नाही. रात्री अकराला सासूबाईंच्या छातीत दुखलं तर काय, हा प्रश्न विचारून मग प्रेम करा.

## ३. कधी जायचं

डिसेंबरात नाही. डिसेंबरात भिंती कोरड्या असतात, विहिरीला पाणी असतं, हवा छान असते, आणि मालक भाडं सीझनचं सांगतो. दोन फेऱ्या करा: एक मे महिन्यात, दुसरी जुलैच्या मुसळधार आठवड्यात. मेमधे पाण्याची परीक्षा, जुलैत छपराची. दोन जमत नसतील तर जुलै निवडा.

चवथीच्या आसपास जाऊ नका, गणपतीला सगळा गोवा आपापल्या गावी असतो, दुकानं बंद, ब्रोकर बंद, शेजारीही घरी नाहीत. कार्निव्हल आणि शिगमोत्सवाचे दिवसही सोडा.

आणि शाळेचं कॅलेंडर. महाराष्ट्रातली माणसं जूनच्या हिशोबाने येतात आणि इथे फसतात. २०२५ मधे इथे सहावीपासून वरच्या बहुतेक वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं. म्हणजे मोठ्या मुलासाठी शाळेची चौकशी जानेवारी-फेब्रुवारीत आणि घराची परीक्षा त्याच्या आधीच्या जुलैत. हो, वर्षभर आधी. ते जमत नसेल तर निदान एवढं करा की जुलैमधे बघितलेल्या गावात जानेवारीत शाळा बघाल आणि मार्चमधे घर.

## ४. पहिली फेरी: कामाचा दिवस, घड्याळ लावून

रविवारी गाव बघणं म्हणजे मुलगी बघायला गेल्यावर फक्त पोहे खाऊन येणं. सोमवार ते शुक्रवारच जा. आदल्या रात्री त्याच गावात मुक्काम करा, बीचवरच्या हॉटेलात नको, गावातल्या साध्या लॉजवर.

सकाळी ७ ला बाहेर पडा. इथल्या बऱ्याच शाळा आठच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे सव्वासात ते आठ ही खरी गर्दी. शाळेच्या गेटसमोर उभं राहा, बालरथ (शाळेच्या बस) किती येतात, आईबाप स्कूटरवर किती, रस्ता कसा कोंबला जातो, हे दहा मिनिटांत कळतं.

साडेसात-आठला तिथून नोकरीच्या ठिकाणी प्रत्यक्ष जा. गूगल मॅप बघून नाही, गाडी काढून, आणि एकदा बसने. कदंबची, म्हणजे सरकारी बसची, शटल पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-वास्को अशी पटापट मिळते, पण आतल्या गावांना प्रायव्हेट बस असतात आणि त्या संध्याकाळी लवकर संपतात. स्टँडवर कंडक्टरला विचारा शेवटची बस किती वाजता, आणि पुढे हेही विचारा की ती रोज खरंच येते का.

दुपारी १ ते ४ या वेळात काही बघू नका. दुकानं बंद, माणसं झोपलेली. बाहेरून आलेल्याला वाटतं गाव मेलंय, तसं काही नाही, गाव झोपलंय. तुम्हीही जेवून झोपा, कारण संध्याकाळची फेरी महत्त्वाची आहे.

संध्याकाळी ५ ते ८ बाजार. भाजी कुठली, मासळी कुठली, किराणा, मेडिकल स्टोअर रात्री किती वाजेपर्यंत उघडं, एटीएम चालू आहे का. रात्री ९ ला पुन्हा एकदा त्या वाड्यातून, म्हणजे गावातल्या त्या वस्तीतून, चालत या. दिवे आहेत का, कुत्री किती, आवाज कुठून येतो. मुलगी क्लासहून एकटी येईल का या रस्त्याने, हा प्रश्न बायकोला विचारा, नवऱ्याला नको.

तपासा – रात्री घरी आल्यावर प्रत्येकाने वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता, गावाबद्दल दोन चांगल्या आणि दोन वाईट गोष्टी लिहायच्या. मुलांनीसुद्धा. आमच्यात सासूबाईंनी एकच लिहिलं होतं, "देऊळ चालत जाण्यासारखं". फोंडा त्या एका ओळीवर जिंकलं.

## ५. वाड्यापर्यंत उतरा

गाव ठरलं म्हणजे झालं नाही. एकाच गावात एका वाड्याला चोवीस तास पाणी आणि दुसऱ्याला टँकर, असं इथे सर्रास आहे.

पाणी सगळ्यात आधी. तिसवाडी-फोंड्याला ओपाचं पाणी, बार्देशला अस्नोड्याचं, पेडण्याला चांदेलचं, दक्षिणेला साळावलीचं. कुठलं पाणी ते माहीत असलं की पेपरमधली बातमी वाचताना कळतं आपल्यावर येणार की नाही. ऑगस्ट २०१९ मधे केरये-खांडेपारला मोठी पाइपलाइन फुटली तेव्हा तिसवाडी आणि फोंड्यात कित्येक दिवस नळ कोरडे होते, आणि ज्यांच्या बिल्डिंगला मोठी टाकी आणि विहीर होती तेच काय ते निवांत. म्हणून विचारायचं ते असं: नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ, प्रेशर वरच्या मजल्यापर्यंत चढतं का, खाली टाकी किती लिटरची, विहीर आहे का आणि मेमधे ती आटते का.

हे मालकाला विचारू नका. मालक म्हणणार पाण्याला काही प्रॉब्लेम नाही. कोपऱ्यावरच्या पोसऱ्यात (छोट्या दुकानात) जा, एक बिस्किटचा पुडा घ्या आणि गप्पा मारा. मला एका पोसरेवाल्या मावशीने एका वाक्यात घर वाचवलं होतं: "मे म्हयन्यान हांगा उदक ना, बाय." (मे महिन्यात इथे पाणी नसतं, बाई.) त्या घराचं टोकन पर्समधे तयार होतं.

सकाळी येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, हाही कामाचा माणूस, त्याला दारोदारचं माहीत असतं, कुठलं घर दर वर्षी रिकामं होतं तेही. दर वर्षी भाडेकरू बदलणारं घर दिसलं की का बदलतो ते शोधा.

पूर. साखळीला वाळवंटी नदी आहे, सत्तरीत म्हादई, जुलै २०२१ मधे या भागात घरात पाणी शिरून हाल झाले होते. नदीजवळचं किंवा खोलगट घर असेल तर शेजाऱ्याला विचारा पाणी कुठवर आलं होतं, ते हाताने भिंतीवर उंची दाखवतात, तेवढं पुरे. कंपाउंडच्या चिऱ्यांवर काळपट-हिरवी रेघ असेल तर तीही बोलते.

धूळ. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवा. लाल आली तर खनिजाचा रस्ता जवळ, काळी आली तर कोळसा किंवा हायवे. दम्याचं माणूस घरात असेल तर इथेच विषय संपला.

वीज पावसात जाते, ते धरूनच चला, किती वेळ जाते हा प्रश्न. झाडांतून गेलेल्या तारा असतील तर जास्त वेळ. नेटवर्कचं तर घराच्या आतल्या खोलीत जाऊन दार लावून व्हिडिओ कॉल करा, कारण चिऱ्यांच्या जाड भिंती आणि डोंगराची कूस दोन्ही मिळून सिग्नल खातात. वर्क फ्रॉम होम असेल तर फायबर कुठल्या कंपनीचं त्या वाड्यात खरोखर आलंय ते शेजाऱ्याच्या राउटरवर बघा, जाहिरातीवर नाही.

माकडं, साप, डास याबद्दल मी काही बोलत नाही, ते आहेत, सवय होते.

## ६. शाळा घराच्या आधी

घर बदलता येतं, शाळा दर वर्षी बदलता येत नाही. गावातल्या दोन शाळांत जागा आहे का हे विचारल्याशिवाय घरासाठी ब्रोकरला फोनच करायचा नाही.

माध्यमाचं समजून घ्या. सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, पण पाचवीपासून पुढे जवळजवळ सगळीकडे इंग्रजी. म्हणजे तिकडे सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा इथे आठवीत आणला तर त्याला एकदम सगळं इंग्रजीत पडतं. माझ्या भाच्याचं पहिलं सहामाही रडण्यात गेलं. शक्य असेल तर चौथी-पाचवीच्या सांध्यावर आणा, नाहीतर दहावी करून मग.

दुसऱ्या राज्यातून येताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही मागतात. निघायच्या आधी ती घेऊन ठेवा, नाहीतर एका सहीसाठी परत कोल्हापूर. पुढे प्रोफेशनल कॉलेजच्या राज्य कोट्याला रहिवासाच्या अटी असतात आणि सरकारी नोकरीला साधारण १५ वर्षांचा रहिवास लागतो, तेव्हा इथला पहिला भाडेकरार आणि पहिलं वीजबिल जपून ठेवा.

## ७. आता घर, आणि आता पटकन

इथवर आलात म्हणजे गाव एक, वाडे दोन-तीन, शाळा पक्की. आता स्पीड पाहिजे.

एक फाइल तयार ठेवा: सगळ्यांची आधार, नवऱ्याचं किंवा बायकोचं ऑफर लेटर, जुन्या मालकाचं साधं पत्र की माणसं चांगली आहेत, भाडं वेळेवर देतात, आणि फोटो. डिपॉझिटचे पैसे एफडीत नको, सेव्हिंगमधे. दोन बाकी पार्ट्या "घरी विचारून सांगतो" म्हणत असताना तुम्ही फाइल टेबलावर ठेवली की मालकाचा चेहरा बदलतो, हे मी तीन वेळा बघितलंय. भाडं जास्त देऊन घर मिळवण्यापेक्षा "आम्ही फॅमिली, तीन वर्षं राहणार, मुलगी इथल्याच शाळेत आहे" हे वाक्य जास्त चालतं.

ब्रोकर दोन पुरे. तिसरा ठेवलात की तिघेही तेच घर दाखवतात आणि मग कमिशनवरून भांडण. शिवाय पेपरमधल्या छोट्या जाहिराती, देवळाबाहेरचा बोर्ड, पोसरेवाली मावशी, कंपनीतला शिपाई. चांगली घरं ऑनलाइन यायच्या आधी इथूनच जातात.

घर बघताना वीस मिनिटं पुरतात, पण ती अशी वापरा. कपाटाचं दार उघडून आत वास घ्या, बुरशीचा वास लपत नाही. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर त्या भिंतीला काहीतरी झालंय. बेडखालची फरशी, बाथरूमची मागची बाजू, छताचा कोपरा. सगळे नळ एकाच वेळी सोडा. दुपारचं ऊन कुठून येतं. स्लॅबवर पत्र्याचं छप्पर घातलंय का, कारण नुसती उघडी स्लॅब पावसात गळते, कधी ना कधी.

थांबा – "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय" हे वाक्य ऐकलं की घाबरू नका. कधी खरं असतं, कधी नसतं, तुम्हाला फरक पडत नाही कारण तुमची यादी तयार आहे. सगळं जुळलं तर लगेच द्या. एक जरी मोठी गोष्ट जुळत नसेल तर येऊ दे ती दुसरी पार्टी, राहू दे तिला.

थांबा – घर न बघता, फोटोवरून, कुणाच्याही अकाउंटवर पैसे नाही. एकशे एक रुपयेसुद्धा नाही. आणि जो पैसे घेतोय तो मालक आहे का हे लाइटबिलावरच्या नावावरून बघा.

## ८. करारात हे लिहून घ्या

अकरा महिन्यांचा करार असतो, ठीक आहे. आमची पहिल्या घराची गोष्ट अशी की मालक गोड बोलून जानेवारीत आत घेऊन गेला, आणि नोव्हेंबर संपता संपता म्हणाला आता सीझन आहे, मला रूम दिवसाच्या भाड्याने द्यायच्यात, रिन्यू नाही. मुलगी तिसरीत, सहामाही झालेली. चूक आमचीच, करारात काहीच नव्हतं.

म्हणून हे लिहून घ्या: रिन्यूअल तुमच्या मर्जीने किमान दोन वेळा, दर वेळी भाडं किती टक्के वाढणार तो आकडा, आणि मालकाला घर हवं असेल तर किमान दोन-तीन महिन्यांची नोटीस, तीही शाळेच्या वर्षाच्या मधे नाही. मालक या शेवटच्या ओळीला हसतात, पण तीनपैकी दोघं सही करतात. गळती दुरुस्त कोण करणार, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, टँकरचे पैसे कुणाचे, हेही तिथेच.

भाडेकरूचा पोलीस व्हेरिफिकेशन फॉर्म स्टेशनात देऊन शिक्क्याची कॉपी घ्या. मालक म्हणेल गरज नाही, तुम्ही म्हणा आहे.

## ९. विकत घ्यायचं असेल तर

पहिलं वर्ष घेऊ नका. एक पावसाळा भाड्याने काढा, मग बघा. तरीही कुणी ऐकणार नाही म्हणून थोडक्यात.

इथला कौटुंबिक कायदा पोर्तुगीज काळापासूनचा, त्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक वेळा दोघांची सामाईक असते. म्हणजे कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी विकताना बायकोचीही सही लागते. वडील वारलेले असतील तर सगळ्या वारसांचं काय, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, झाली का ते विचारा. भाऊ मुंबईत, बहीण पोर्तुगालला, आणि विकणारा म्हणतो "त्यांचं मी बघतो", तिथून उठा.

जमीन असेल तर फॉर्म १ आणि १४ (इथला सातबारा) काढा, त्यात कूळ किंवा मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, नाव दिसतंय का बघा. झोन सेटलमेंट (वस्तीसाठीचा) आहे का, सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आहे का. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदी आहे, कुणी "नंतर झोन बदलून देतो" म्हणाला तर त्याला तो आधी बदलून आणायला सांगा. कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीच्या, जागेवरचं स्वस्त घर बघूच नका. फ्लॅटला रेरा नंबर, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, आणि वकील तुमचा, बिल्डरने दिलेला नाही.

## १०. सामान आणायच्या आधीचा आठवडा

टेंपो जून ते सप्टेंबर शक्यतो नको, गाद्या भिजल्या की वाळत नाहीत, आमच्या दोन गाद्या ऑक्टोबरपर्यंत वास मारत होत्या. लाकडी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, पहिल्याच पावसात कळेल का ते. किनाऱ्याजवळ घर असेल तर लोखंडी खाट आणू नका, खारं वारं खातं.

घरात शिरायच्या दिवशी मीटरचं रीडिंग, पाण्याचं रीडिंग, प्रत्येक भिंतीचा फोटो, तुटलेला नळ, फुटलेली फरशी, सगळं मालकाला व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी पाठवा आणि "मिळालं" असं उत्तर घ्या. थकलेलं लाइटबिल आधीच्या भाडेकरूचं आहे का तेही त्याच दिवशी. गाडी एमएच पासिंगची असेल आणि वर्षाच्या वर राहणार असाल तर तिकडच्या आरटीओची एनओसी काढून इथे जीए नंबर घ्यावा लागतो, ती एनओसी निघायच्या आधीच काढा.

आणि पोदेरला पहिल्याच सकाळी गेटवर थांबवून सांगा किती पाव रोज, नाहीतर तो तुमचं घर अजून रिकामंच आहे असं धरून पुढे जातो.